कलम सातमधलं धुकं

१२ फेब्रुवारी
जहाजाची टपालखोली

ताई,

नमस्कार. आईला सांग की मी वेळेवर जेवतो, भरपूर झोपतो आणि गळपट्टा घालतो. यातलं तिसरं खोटं आहे, पण तेवढं पोटात ठेव.

तुझं मागचं पत्र मला पोचायच्या आठ दिवस आधीच दिसलं. बंदर सोडलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या शहराची थैली फोडली आणि पहिल्याच मुठीत तुझं अक्षर. आमचं कामच ते. नऊ दिवसांच्या प्रवासात टपाल गावागणिक, गल्लीगणिक लावून ठेवायचं, म्हणजे जहाजातून उतरलं की थेट पोस्टमनच्या हातात. पण पत्र माझ्या नावाचं असलं तरी प्रवासभर ते माझं नसतं. पलीकडच्या कचेरीत खिडकीतून सही घेऊन देतील तेव्हा माझं. मी मुकाट्याने पाकिटाच्या पाठीवर माझा शिक्का मारला, खान्यात टाकलं आणि आठ दिवस त्याच्याकडे बघत काम केलं. काका हसत होते. काका म्हणजे माझ्या जोडीचे थोरले टपाल अधिकारी, एकतीस वर्षं याच खोलीत काढलेले. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले होते, "शिक्का कसा मारायचा ते कुणीही सांगेल. आपलं पत्र समोर असताना हात मागे कसा ठेवायचा, ते माझ्याकडून शीक."

या खेपेला अकरा तास उशिरा पोचलो. धुकं. कप्तानाने इंजिन निम्म्यावर आणलं आणि मिनिटामिनिटाला भोंगा. कानाचे पडदे फाटायचे तेवढे बाकी राहिले. तुमच्या कचेरीत आमच्या नावाने बोटं मोडत असतील. मोडू देत.

तुझा धाकटा


२ मार्च
घर

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पत्र समोर असून उघडलं नाहीस, हे आईला वाचून दाखवलं. म्हणाली, साखरेच्या डब्याच्या बाबतीत एवढा संयम ठेवला असता तर माझा जीव कमी खाल्ला असता. पण मग दिवसभर शेजारणीला तेच सांगत होती.

आमच्याकडे सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. तुमच्या जहाजाच्या कंपनीचा परदेशी टपाल नेण्याचा करार जूनअखेर संपतोय. पुढच्या सात वर्षांच्या कराराचा मसुदा टपालखात्याच्या आमच्याच शाखेत तयार होतोय. मी आपली नेहमीसारखी नकला काढतेय. सोळा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं स्वच्छ अक्षरात उतरवते आहे, आणि एकदाही कुणी विचारलं नाही की बाई, हे वाक्य तुम्हाला कसं वाटतं. काल साहेबांनी सगळ्यांना समोर उभं करून विचारलं, टपाल नेहमी उशिराच का येतं, कुणाला काही सुचतंय का? सगळे आपापल्या चपलांकडे बघत उभे राहिले. मीही.

सहज विचारते. धुकं किती तास होतं, हे कोण ठरवतं? कलम सात मला तोंडपाठ आहे: "वादळ किंवा धुके यांमुळे झालेला विलंब टपाल अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून माफ." इतक्यांदा उतरवलं, पण तो दाखला माझा भाऊच लिहितो हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

काळजी घे. गळपट्टा घाल.

ताई


२१ मार्च
बंदर, उतारूंच्या बाकावर

ताई,

दाखल्याची एवढी चौकशी? आता मलाच मोठं झाल्यासारखं वाटायला लागलंय.

असं आहे. कप्तान दार वाजवतो आणि म्हणतो, लिहा. मी वर डेकवर जातो. जहाजाच्या नाकावरचा दिवा मधल्या जिन्यावरून दिसला नाही, तर धुकं. सुरू कधी झालं, विरलं कधी, ते घड्याळावरून. खाली सही, शिक्का. बस्स.

आता खरं सांगू? त्या अकरा तासांत धुकं चारच तास होतं. उरलेले सात तास बॉयलरची नळी फुटली होती. दोघांचे हात कोपरापर्यंत भाजले. कप्तान रडकुंडीला आला, कारण नळी फुटणं करारात माफ नाही, आणि तीनदा उशीर झाला की कंपनी कप्तानाला घरी बसवते. घरी चार मुली. काका म्हणाले, लिही अकरा. मी लिहिले. सगळ्याच जहाजांवर असं चालतं म्हणे. जे काही बिघडेल ते धुक्याच्या पोटात घालायचं.

हे तुझ्यामाझ्यात. साहेबांच्या कानावर गेलं तर काकांचं नोकरीचं उरलेलं वर्ष हातचं जाईल.

धाकटा


१५ एप्रिल
कचेरी

धाकट्या,

घाईत लिहिते आहे. मला नवं टेबल मिळालं, खिडकीपाशी. आता नकला नाहीत, मसुद्याचं काम. या शाखेत बाईमाणसाला ते टेबल पहिल्यांदाच मिळतंय. आईने आनंदाच्या भरात चहात दोनदा साखर घातली. कशामुळे म्हणून विचारशील, तर सोळा वर्षांच्या अक्षराचं फळ म्हण.

नव्या करारात थोडे बदल आहेत. वरून आलेत. तुला त्याचा फारसा जाच होणार नाही. काकांनाही सांग निश्चिंत राहा म्हणून, कुठेही कुणाचं नाव नाही.

ताई


१९ जुलै
जहाजाची टपालखोली

ताई,

नवा करार आमच्या दारावर ठोकलाय. कलम सातमध्ये "वादळ" आहे, "धुके" नाही. मला वाटलं छापताना गळलं. काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि स्टुलावर बसले.

काकांना निश्चिंत राहा म्हणून सांग, असं तू एप्रिलमध्ये का लिहिलं होतंस, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. म्हटलं, ताईला आपली उगाच काळजी.

मंगळवारी सकाळी धुकं उतरलं. जुलैत सहसा नसतं, पण उतरलं. कप्तान आला. म्हणाला, "तुम्ही दाखला द्या आणि तुमच्या खात्याने तो मानावा. या मिनिटाला इंजिन निम्म्यावर आणतो." मी दाखला लिहिला. त्याने हातात घेतला, वाचला आणि परत दिला. "मानणार नाहीत," म्हणाला. "दोन उशीर आधीच नावावर आहेत." आम्ही पूर्ण वेगाने गेलो.

ताई, टपालखोलीची गोल खिडकी पाण्यापासून पुरुषभर उंच आहे. त्या खिडकीतून मला एक मासेमारीची होडी दिसली. इतकी जवळ, की होडीतल्या माणसाच्या हातातली बादली दिसली, बादलीची तुटकी कडी दिसली. त्याचं तोंड उघडं होतं. ओरडत असणार, इंजिनापुढे ऐकू आलं नाही. हातभर अंतराने वाचला. मी नंतर बराच वेळ एकाच खान्यात चुकीची पत्रं टाकत होतो.

आमच्या जहाजावर एकशे ऐंशी माणसं असतात. पुढच्या वेळी समोर होडी नसून जहाज असेल तर?

दाखला मी तरीही पलीकडच्या कचेरीत दिला. "या कारणाची तरतूद नाही," असा शेरा मारून परत आला.

तू त्याच शाखेत बसतेस. हे कुणी केलं? कुणीही केलेलं असो, तो शब्द परत घालायला लाव. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागतो.

धाकटा


८ ऑगस्ट
घर

धाकट्या,

तुझं पत्र आईला वाचून दाखवताना होडीचा भाग गाळला. तिने विचारलं, एवढं लांब पत्र एवढ्यात कसं संपलं? म्हटलं, त्याचं अक्षर मोठं झालंय.

कुणी केलं म्हणून काय सांगू? एकेका फायलीवर दहा सह्या असतात. कुणीतरी एक टिपण दिलं होतं, की धुक्याच्या नावाखाली भलतेच तास माफ करून घेतात. ते कुणाचं, मला ठाऊक नाही. काकांविषयी मी लिहिलं ते आपलं सहज. साहेबांपाशी विषय काढून बघितला. म्हणाले, सही झालेल्या कराराला सात वर्षं हात लावायचा नसतो.

मी खटपट करते. पण तू त्या जहाजावर राहू नकोस. किनाऱ्यावर बदली माग. अर्ज मी लिहून पाठवते, तू फक्त सही कर. धुक्याचा खरा मोसम ऑक्टोबरअखेर सुरू होतो, मी हवामानखात्याच्या पुस्तकात पाहिलं. तोवर तू खाली उतरलेला असशील.

ऐक माझं.

ताई


३० ऑगस्ट
जहाजाची टपालखोली

ताई,

अर्ज पाठवू नकोस. काका मागच्या खेपेला उतरले. त्यांना बंदरावर बेवारस पत्रांच्या कचेरीत बसवलंय, ज्यांचा पत्ता लागत नाही अशी पत्रं ते दिवसभर उजेडात धरून बघतात. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला अजून गावांची नावं पाठ नाहीत. मीही उतरलो तर धुक्यात डेकवर चढून दाखला लिहिणार कोण? होय, मी अजून लिहितो. ते परत करतात, मी जपून ठेवतो. खोटे अकरा मी एकदाच लिहिले, आता खरे तास तरी लिहीन. तुझ्या उपयोगी पडतील म्हणून तीन सोबत पाठवतोय.

आणखी एक. मी कप्तानाला सांगून बसलोय की माझी ताई त्या शाखेत आहे. आता भेटला की पहिला प्रश्न, "ताई काय म्हणते?" त्याला म्हटलं, माझ्या ताईच्या हातात असतं तर तो शब्द गेलाच नसता. टिपण लिहिणाऱ्याला एकदा धुक्यात आमच्या डेकवर आणून उभं करायला हवं. बादलीवाल्याचं तोंड मला अजून दिसतं. त्यालाही दिसू दे.

तू त्याला शोधून काढ. तुझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

धाकटा


६ ऑक्टोबर
कचेरी, जुनं टेबल

धाकट्या,

शोधून काढलं. ती मीच.

तुझं मार्चचं पत्र माझ्या पिशवीत होतं. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि मी तोंड उघडलं. चार तासांचे अकरा कसे होतात ते सांगितलं. टिपण लिहिताना तुझं नाव गाळलं, काकांचं गाळलं, जहाजाचं गाळलं. बॉयलरची नळी गाळली. भाजलेले हात आणि कप्तानाच्या चार मुलीही गाळल्या, कारण त्या ठेवल्या असत्या तर टिपणात जोर राहिला नसता. साहेब म्हणाले, एवढं डोकं सोळा वर्षं नकलांत वाया गेलं. माझ्या डोक्याबद्दल कुणी काही बोललं ते आयुष्यात पहिल्यांदा. मी त्या दिवशी घरी चालत आले, इतका आनंद झाला होता. तू "तुझ्यामाझ्यात" लिहिलं होतंस, ते वाट संपेपर्यंत मला आठवलंसुद्धा नाही.

ऑगस्टमध्ये तुला धडधडीत खोटं लिहिलं. अर्ज पाठवायला निघाले होते तोही तुला वाचवायला. उरलेल्या एकशे एकोणऐंशींचा विचार माझ्या मनात आला नव्हता. तुझं शेवटचं पत्र आलं आणि मग मला आरशासमोर केस विंचरता येईनात.

गेल्या महिन्यात मी दुसरं टिपण दिलं, या वेळी खाली सही करून. लिहिलं की पहिलं टिपण माझं, ते ऐकीव होतं आणि त्यातलं अर्धं मी लपवलं. बादलीवाला जसाच्या तसा उतरवला. तुझे परत आलेले तीन दाखले जोडले. साहेबांनी टिपण टेबलावर आपटलं, म्हणाले, मला मान खाली घालायला लावलीत. पण वर नेलं, तेवढं त्यांचं मानायला हवं. आज दुपारी सही झाली. कलम सातमध्ये "धुके" परत आलं, आजच्या तारखेपासून लागू. तुझ्या दाखल्यावर कप्तान बिनधास्त इंजिन निम्म्यावर आणू शकतो, त्याच्या नावावर एक तासही लागणार नाही. आणि मी माझ्या जुन्या टेबलावर परत आले. इथे ऊन येत नाही, पण बसता येतं.

कंपनीची मुख्य कचेरी पलीकडे, त्यामुळे आदेशाची प्रत आजच्या टपालगाडीने बंदरावर जाऊन तुझ्याच जहाजात चढेल, सीलबंद थैलीत. हे पत्रही त्याच गाडीत टाकते आहे. तुझ्या हाती पडेल नऊ दिवसांनी.

मी तारघरापर्यंत गेले होते. "धुके परत" एवढे दोनच शब्द पुरले असते. पण तू सगळीकडे सांगत सुटला असतास की बघा, ताईने करून दाखवलं. ते मला सोसलं नसतं. चांगली बातमी आणि माझी करणी तुला एकत्रच कळायला हवी, आणि ती तारेत मावणारी नव्हती. शिवाय मोसमाला तीन आठवडे आहेत. एका खेपेने काय होतंय, म्हटलं आणि परत फिरले.

आधी माझ्यावर हवं तेवढं रागाव. मग कप्तानाला सांग.

ताई


१४ नोव्हेंबर
बेवारस पत्रांची कचेरी, बंदर

ताईंस नमस्कार.

आपली भेट नाही. धाकटा मला काका म्हणायचा, आणि त्याच्या बोलण्यातून मी आपल्याला ओळखतो. आईंची तब्येत कशी आहे ते विचारायचंही धाडस होत नाही.

वर्तमानपत्रातून आपल्याला कळलंच असेल. मला जे कळलं ते जहाजावरून बचावलेल्या एका खानसाम्याकडून, म्हणून लिहितो. बारा ऑक्टोबरला सकाळी दाट धुकं होतं, जहाज पूर्ण वेगात. कोळशाचं जहाज समोर आलं ते दिसलं तेव्हा वळायला जागाच नव्हती. बुडायला पाऊण तास लागला. टपालखोली खालच्या अंगाला, पाणी तिथे पहिलं शिरलं. धाकट्याने नव्या माणसाला जिन्यावर उभं केलं आणि स्वतः गुडघाभर पाण्यातून थैल्या वर देत राहिला. नव्या माणसाला बोटीत बसवलं. स्वतः पुन्हा खाली गेला. खानसामा म्हणतो, ती पाचवी वेळ होती. एकशे ऐंशींपैकी त्र्याण्णव माणसं वाचली. कप्तान वाचला नाही. थैल्या सव्वीस वाचल्या.

त्या थैल्या आमच्याकडे आल्या. महिनाभर आम्ही खोलीभर दोऱ्या बांधून पत्रं वाळवतो आहोत. त्यात आपली दोन पाकिटं निघाली, ती सोबत पाठवतो. एक आपण त्याला लिहिलेलं. पाठीवर त्याचा शिक्का आहे, नऊ ऑक्टोबरचा. ते उघडलेलं नाही. दुसरं त्याने आपल्याला लिहिलेलं, जहाजावरच्या पेटीतलं. मी खात्याचा माणूस, आतलं काही वाचलेलं नाही.

पण सीलबंद थैलीत सरकारी आदेश निघाला. तो चौकशी समितीपुढे उघडला, तेव्हा मी थैलीच्या पोचेवर सही करायला हजर होतो. त्या सकाळी धुकं माफ होतं. जहाज निघायच्या आदल्या दिवसापासून माफ होतं. जहाजावर कुणालाच ते माहीत नव्हतं.

आपलं पत्र समोर असताना हात मागे ठेवायचा, हे त्याला मी शिकवलं. आपल्या पाकिटात काय होतं ते मला विचारायचं नाही. कृपा करून आपणही सांगू नका.

काका


११ ऑक्टोबर
जहाजाची टपालखोली

ताई,

नमस्कार. आईला सांग की आज मी गळपट्टा घातलाय. या वेळी खरंच, नव्या माणसाला साक्षीला ठेवलंय. सकाळपासून हवा गार आहे आणि समुद्रावर दूध सांडल्यासारखं पांढरं दिसायला लागलंय. तुझं हवामानखात्याचं पुस्तक तीन आठवडे चुकलं बघ.

तुझं पाकीट परवाच हाताला लागलं. केवढं जाड. दोन तिकिटं लावावी लागली तुला. नेहमी एका पानात उरकणारी बाई एवढं काय लिहीत बसली, म्हणून दोन दिवस डोकं चालवतोय. आईचं काही असेल असं आधी वाटलं. मग अक्षर बघितलं. सरळ, ठसठशीत, एकही खाडाखोड नाही. वाईट बातमी लिहिताना तुझी ओळ खाली उतरते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा मी ठरवलंय की तू त्या टिपणवाल्याला शोधलंस आणि त्याची हजेरी कशी घेतलीस ते सविस्तर लिहिलंयस. चवीने वाचीन.

मघाशी कप्तान आला होता. नेहमीचाच प्रश्न, ताई काय म्हणते? खान्याकडे बोट दाखवून म्हटलं, त्यात आहे. तो म्हणाला, मग उघड की, मी कुणाला सांगत नाही. दोघांनी बराच वेळ पाकिटाकडे बघितलं. उद्या धुकं वाढणार असं त्याला वाटतंय, आणि नावावर दोन उशीर आहेतच. बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. एकदा वाटलं, काका थोडेच बघतायत. पण नाही उघडलं. आणि तसंही, त्याला म्हटलं, घाई नाही. पाच दिवसांनी पोचतोच आहोत. तातडीचं काही असतं तर माझ्या ताईने तार केली असती.

तुझा धाकटा